आसाचे आयुष्य

माणसाच्या आयुष्याचे माप जन्मतःच ठरलेले असते की ते त्याच्या वागण्याने वाढते-घटते, या प्रश्नाचा ऊहापोह भारतीय परंपरेत दर्शनकारांनी पुष्कळ केला असला, तरी त्याचे सर्वांत रोखठोक उत्तर एका वैद्यकग्रंथात मिळते आणि तेही गाडीच्या आसावरून दिलेले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी उन्हाळ्याच्या अखेरीस हिंडत असताना, अग्निवेश आपले गुरू पुनर्वसू आत्रेय यांना जे प्रश्न विचारतो, त्यांत सर्वांचे आयुष्य नियत असते काय, आणि तसे असेल तर अकाली मृत्यू म्हणजे काय, हेही प्रश्न आहेत. आत्रेय प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करतात: पूर्वदेहात स्वतःच केलेले जे कर्म ते दैव, आणि या देहात जे केले जाते तो पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न. या दोहोंपैकी जे बलवान असेल ते दुसऱ्याला मागे सारते, असे सांगून ते आसाचा दृष्टान्त देतात. चांगल्या गुणांचा आस गाडीला जोडून रीतसर वाहिला, तर तो स्वतःचे प्रमाण झिजून संपेपर्यंत चालतो आणि योग्य वेळी मोडतो, हा कालमृत्यू. तोच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, वाट सोडून चालवल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या-हाकणाऱ्याच्या दोषाने, टोकाची खीळ निसटल्याने, वंगण न दिल्याने किंवा गाडी उलटल्याने मध्येच संपतो, हा अकालमृत्यू.

ग्रंथ वाचताना ही यादी अलंकारासारखी वाटून डोळ्यांखालून निघून जाते. भिलाईसारख्या गावात, घराच्या आवारात जुन्या ट्रकचे पुढचे चाक उघडून ठेवलेले असताना ती वाचली, तर मात्र तीत एकही शब्द शोभेचा नाही हे कळते. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर असा कोलकात्याकडे जाणारा पूर्वीचा ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग या गावातूनच जातो. तेव्हा लोखंड, लोखंडाचा भार आणि तो भार वाहणारे चाक यांच्याबद्दल बोलण्याचा अधिकार या गावाला आहे.

जुन्या ट्रकच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या तुंब्यात, ज्याला कारागीर हब म्हणतात, टेपर रोलर जातीची दोन बेअरिंगे असतात: आतल्या बाजूला मोठे, बाहेरच्या बाजूला लहान. टेपर म्हणजे एका टोकाला निमुळते. अशा निमुळत्या रुळांची माळ ज्या आतल्या कड्यावर बसते तो कोन, आणि ती ज्या बाहेरच्या कड्यात फिरते तो कप. चाक घरघरू लागले, हब हाताला चटका देऊ लागला, किंवा जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवताना खिळखिळे वाटले, की बेअरिंगाचा संशय घेतात. पण हीच हालचाल किंगपिन झिजल्यानेही होते. किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खुंटीभोवती पुढचे चाक वळते ती. म्हणून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगतात: हलणे थांबले तर दोष बेअरिंगाचा, तरीही हलत राहिले तर किंगपिनचा. नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एक गोष्ट असताना आणि नसताना दुसरीचे काय होते ते पाहून कारण ठरवण्याची रीत, ती हीच, आणि ती शिकण्यासाठी काशीला जावे लागत नाही.

पुढचे काम कष्टाचे असले तरी गूढ नाही. मागच्या चाकांना अडवण लावून पुढचा आस लोखंडी घोडीवर टेकवतात, केवळ जॅकच्या भरवशावर कधीच सोडत नाहीत. चाक, ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढून हब ओढून घेतात. आतले जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुतात. आणि हबमध्ये घट्ट बसलेले कप पितळी दांडीवर हातोडा मारून, एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला ठोके देत, बाहेर काढतात. कोन नवा आणि कप जुना असा संसार टिकत नाही, दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात. जुने कडे उजेडात धरले की मृत्यूचे कारण वाचता येते. निळसर पडलेले पोलाद वंगणाविना तापून गेले आहे. कपात समान अंतरावर उमटलेले रुळांचे ठसे हे खड्ड्यातल्या धक्क्याचे. गंज हा सील फाटून आत शिरलेल्या पाण्याचा. या सर्व खुणा नसून फक्त पृष्ठभागाचे पापुद्रे सुटलेले असतील, तर ती पोलादाची थकवट असते, जी वारंवार पडलेल्या भाराने पृष्ठभागाच्या खाली सुरू होऊन वर येते. आत्रेय ज्याला स्वतःच्या प्रमाणाचा क्षय म्हणतात तो हा, आणि घरोघर उघडल्या जाणाऱ्या चाकांत असा नैसर्गिक मृत्यू पाहायला मिळणे भाग्याचेच.

बेअरिंगाचे आयुष्य मोजण्याची आज जी पद्धत आहे, तिचा पाया स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये घातला. तीत आयुष्याची व्याख्या अशी असते: एकाच जातीची पुष्कळ बेअरिंगे सारख्या भाराखाली चालवली असता त्यांपैकी शंभरातील ९० जितके फेरे निभावून नेतात तितके ते आयुष्य. उरलेली १० त्याआधीच जातात आणि ९० मधली कितीतरी त्याच्या अनेक पट टिकतात. हातातले बेअरिंग कोणत्या गटातले, हे सांगता येत नाही. रुळांच्या बेअरिंगात भार दुप्पट केला की हे आयुष्य सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते, आणि एक-पंचमांश भार जास्त टाकला तरी ते जवळजवळ निम्मे होते. चरकाच्या यादीत अतिभार पहिला का, याचे एवढे स्पष्टीकरण पुरे आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नियती इथे समुदायाला आहे, एकट्याला नाही. शंभरांचे भवितव्य गणिताने सांगता येते, एकाचे सांगता येत नाही, आणि त्या एकाबाबत वंगण, भार व वाट एवढेच माणसाच्या हाती उरते. आयुष्य सर्वस्वी नियत असते तर औषध, मंत्र आणि होम कशाला, असा आत्रेयांचा युक्तिवाद आहे. त्यात ग्रीसचा डबा घातला तर तो बिघडत नाही.

नवी बेअरिंगे बसवताना खरी कसोटी नट आवळण्याची असते. हब हाताने फिरवत नट आधी घट्ट आवळतात, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात, आणि मग तो इतका सैल सोडतात की हबला आसावर मागे-पुढे सुमारे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर हालचाल राहावी. ही पोकळी नसेल तर बेअरिंग जळते. जास्त झाली तर चाक डुगडुगते आणि रूळ ठोके खातात. या अंतरापाशी एक जुना शब्द येऊन उभा राहतो. ‘ख’ म्हणजे पोकळी, आणि चाकाच्या नाभीतले आसाचे छिद्रही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातील विसाव्या सूक्तात ऋभू या कारागीर देवतांनी अश्विनांसाठी घडवलेल्या रथाला ‘सुख’ हे विशेषण लावले आहे, आणि मोनियर विल्यम्सच्या कोशाने त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्या नाभीचे छिद्र चांगले आहे असा’, म्हणजे सहज धावणारा, असा दिला आहे. दुःख त्याच्या उलट. काही भाषाशास्त्रज्ञ ‘दुःख’ शब्द ‘दुःस्थ’वरून काढतात, तर बुद्धघोषाने पाचव्या शतकात ‘ख’चा अर्थ पोकळ, निःसार असा घेऊन दुःखाची फोड केली, तेव्हा व्युत्पत्तीचा निकाल लागला आहे असे म्हणता येत नाही. तरीही सुताराचा अर्थ संन्याशाच्या अर्थापेक्षा अधिक शिकवतो असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे, कारण त्यात पोकळी हा दोष नसून तिचे माप चुकणे हा दोष आहे. कठोपनिषदातील प्रसिद्ध रथात आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत, पण आसाचा आणि चाकाचा उल्लेखच नाही. तो रथ बसणाऱ्याने पाहिलेला आहे, घडवणाऱ्याने नव्हे.

वंगण घालणे हे धार्मिक कृत्य असू शकते काय, असे विचारले तर सोमयागाचे उत्तर होकारार्थी आहे. सोमयागात हविर्धान नावाच्या दोन गाड्या पुढे ढकलण्यापूर्वी यजमानपत्नी त्यांच्या आसाला तूप लावते, आणि आस करकरलाच तर त्या अशुभ वाणीच्या शांतीसाठी मंत्र सांगितलेला आहे. भिलाईतील मराठी घराला अवजारांच्या पूजेचे तीन दिवस मिळतात: उत्तर भारतीय पंचांगातल्या श्रावण अमावास्येची छत्तीसगडी हरेली, सप्टेंबरच्या मध्यातील विश्वकर्मापूजा आणि खंडेनवमी. या तिन्ही दिवशी ट्रकच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते ते योग्यच, पण यज्ञकर्त्यांनी बोट जिथे लावले ती जागा हबच्या आत आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, ती अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचा हिंदी अनुवाद भिलाईपासून जवळच असलेल्या रायपूरचे, मराठी मातृभाषेचे पत्रकार माधवराव सप्रे यांनी केला, म्हणून कर्माची ही मांडणी या प्रदेशाला उपरी नाही. आवारातील कडक जमीन, हात, पाने, हातोड्याचे ठोके हे सगळे झाल्यावर दैवाचा क्रमांक लागतो. दैव नाकारलेले नाही, रांगेत शेवटी उभे केले आहे.

एका ठिकाणी मात्र चरकाचा दृष्टान्त अपुरा पडतो आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. आत्रेयांच्या मते दैव हे स्वतःच केलेले कर्म असते. जुना ट्रक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेला असतो. अतिभार आधीच्या मालकाने लादलेला, खड्डे आधीच्या चालकाने न चुकवलेले, आणि चाक निखळले तर जीव जातो तो समोरून सायकलवर येणाऱ्याचा, ज्याने या ट्रकचे काहीच केलेले नाही. करणारा एक, झिजणारा दुसरा आणि भोगणारा तिसरा, ही गाठ आसाच्या उपमेने सुटत नाही. याच अध्यायात पूर्वी साथीने गावेच्या गावे का मरतात याची चर्चा येते, आणि तिथे राज्यकर्त्यांच्या अधर्माने प्रजेवर येणाऱ्या संकटाची गोष्ट आत्रेय सांगतात. म्हणजे एकाचे कर्म दुसऱ्याला भोवते हे त्यांना दिसत होते, पण आसापाशी आल्यावर त्यांनी ते पुन्हा जोडून घेतले नाही. तेवढ्यापुरता पुरुषकाराचा अर्थ स्वतःच्या आयुष्यापुरता न ठेवता दुसऱ्याच्या आयुष्यापर्यंत वाढवावा लागतो. नट सोडल्यावर त्याच्या भोकात जुनी, वाकवून सरळ केलेली स्प्लिट पिन परत घालण्याचा मोह होतो, आणि ती कंटाळून मोडली की नट फिरत फिरत सुटतो. आत्रेयांच्या यादीतला खीळ निसटण्याचा दोष तो हाच. म्हणून पिन दर वेळी नवीच घालायची असते.

आसाचा दृष्टान्त संपल्यावर चरकसंहितेत निष्कर्षाचे लांब प्रवचन नाही. अग्निवेश लगेच पुढचा प्रश्न विचारतो: ताप आलेल्या रोग्याला वैद्य थंड पाण्यापेक्षा बहुधा गरम पाणी का देतात?