ढब्बू पैशाची शाई

अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांना लिहायला रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्यांचा गीतेवरचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, तेव्हा शाईचा हा हिशेब अगदीच अतिशयोक्त वाटत नाही. इथे साधना फळाने मोजलेली नाही, शाईने मोजली आहे. शेअर बाजारात इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात खरेदी-विक्रीचे सौदे, करणाऱ्यांना आज वरवर असेच शिकवतात: डायरी लिहा, स्टॉपलॉस, म्हणजे आधी ठरवलेली तोट्याची मर्यादा, पाळला का ते नोंदवा, नफ्यातोट्याने विचलित होऊ नका. जोडीला गीतेतले निष्काम कर्मही हमखास येते. पण समत्वाने सौदे केले की सातत्य हाती लागते का? आचरणाचे लागेल, फळाचे नाही. ही दोन्ही एकच मानण्यात हिशेबही चुकतो आणि गीताही.

आधी हिशेब पाहू. 100 सौद्यांपैकी 55 फायद्यात गेले की हात बसला असे वाटते. पण 100 जणांनी प्रत्येकी 100 वेळा नाणे उडवले, तर त्यांतल्या साधारण 18 जणांना 55 किंवा अधिक वेळा छाप मिळेल, कुणाच्याही अंगी काही कौशल्य नसताना. नशीब आणि कसब वेगळे करायला कितीतरी जास्त सौदे हवेत, आणि प्रत्येक सौद्यावर ब्रोकरेज व कर कापला जातोच. कसबाचे माप घेण्यासाठीच असा दाम मोजावा लागतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै 2024मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार 2022-23मध्ये शेअरांत इंट्राडे करणाऱ्या 10 पैकी 7 व्यक्ती तोट्यात होत्या. वर्षात 500हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होते. सौदे वाढले म्हणून तोटा झाला, की तोटा भरून काढायला सौदे वाढले, हे या आकड्यांवरून ठरत नाही. सरावाने जमेल हा भरवसा मात्र त्यांतून मिळत नाही.

उरलेले तिघे तर कमावतात ना, असे कुणी म्हणेल. कमावतात, पण एका वर्षाच्या नफ्यावरून त्यांतला कसबी कोण आणि नशीबवान कोण, हे सांगता येत नाही. अंबाजोगाईच्या बीड जिल्ह्यातल्या मातीतला आक्षेप याहून वजनदार आहे: पावसाच्या भरवशावर कापूस-सोयाबीन पेरणे हाही सट्टाच नव्हे का? जोखीम दोन्हीकडे आहे, हे खरेच. दुष्काळात पीक गेले की ऊसतोडीची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राची वाट धरणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. पण शेती त्याच्या वाट्याला आलेली असते, आणि पिकली तर जगाच्या उत्पन्नात भर पडते. सौद्याची जोखीम माणूस रोज सकाळी सव्वानऊला नव्याने निवडतो. गीतेतले समत्व टाळता न येणाऱ्या कर्तव्याच्या संदर्भात आले आहे. कोणतेही काम शांतपणे केले की ते योग्य ठरते, असे तिथे म्हटलेले नाही. दासोपंतांची ओवी लिहून होताच उरत होती. पाळलेल्या स्टॉपलॉसमागे तसे काही उरत नाही, फक्त तोटा आवरतो. म्हणून डायरी लिहायचीच तर पहिल्या पानावर, पहिला सौदा करण्याआधी, एक आकडा हवा: किती सौद्यांनंतर, सगळा खर्च वजा जाता हाती काही उरले नाही, तर खाते बंद करायचे.