घाटवाटेने घडवलेला मुलूख

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि पूर्वेला कुकडी व घोड नद्यांची सपाटी, अशी त्यांची ठेवण. या मुलखाचा इतिहास बहुधा शिवनेरीपासून सांगितला जातो. पण शिवनेरीला महत्त्व आले ते घाटवाटेमुळे, आणि ती वाट शिवकाळाहून दीड हजार वर्षांपेक्षा अधिक जुनी आहे.

कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे यांची त्यात आकड्यांसह नोंद असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात त्याला मोठे स्थान आहे. शेजारचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे सांगतात. ती लोकपरंपरा आहे, लेखात तसा उल्लेख नाही.

व्यापाराचा पैसा कुठे गेला, हे जुन्नरभोवतालच्या डोंगरांत दिसते. तुळजालेणी, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री मिळून दोनशेहून अधिक लेणी येथे आहेत. त्यांतले दानलेख राजांपेक्षा इतरांविषयीच जास्त बोलतात. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याची पोढी कोरवली. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचेही उल्लेख सापडतात. इरिल, चिट आणि चंद हे दाते स्वतःला यवन म्हणवतात. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीत मंडप आणि पोढी दिली, तो लेख 46व्या वर्षाचा आहे. सामान्य कारागिरांची इतकी दाट नोंद महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळते. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी येणारी गर्दी या लेखांसमोरून न थांबता पुढे जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढच्या सत्तांनीही वाट राखण्यासाठीच जीवधन, चावंड, हडसर हे गड सांभाळले. मलिक अहमदने निजामशाहीचा पाया जुन्नरमध्येच घातला. अहमदनगर नंतर वसले. त्याच निजामशाहीच्या पडत्या काळात, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. 1657 मध्ये महाराजांनी मुघलांच्या ताब्यातील जुन्नर शहर लुटले, ते तिथल्या संपत्तीमुळेच. 2025 मध्ये शिवनेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ज्यांच्या रानांतून या वाटा जात, त्या महादेव कोळ्यांना मात्र कोरीव लेखांत जागा मिळाली नाही. शिवनेरीवरच्या कोळी चौथऱ्याशी मुघलांनी केलेल्या त्यांच्या कत्तलीची आठवण जोडलेली आहे. सत्तेविरुद्ध उठल्यावरच त्यांची नोंद व्हावी, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

आंबेगावचा इतिहास अर्वाचीन काळात अधिक बोलका होतो. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना हुतात्मा झाला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचेच नाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच जलाशयात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे आणि मोठी बाजारपेठ मंचरला. पश्चिमेकडे माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. वाचलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले.

बुडालेले आंबेगाव आणि गाडले गेलेले माळीण यांनाही ऐतिहासिक स्थळांत गणले पाहिजे. धरणाच्या पाण्यावर पूर्वेकडची शेती पिकली आणि त्याची किंमत पश्चिमेकडच्या डोंगरी गावांनी मोजली. दोन्ही तालुक्यांचा अलीकडचा इतिहास त्याशिवाय समजत नाही. जुन्या गावातली घरे, देवळे, शेते आणि वाटा ज्यांनी पाहिल्या, त्या पिढीकडून ही माहिती आताच लिहून घेणे शक्य आहे.