डोळ्यांपुरती अक्षरे

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत आमची कुटुंबे तुरळक विखुरलेली आहेत. आसनगावापासून टोकावड्यापर्यंत एका रविवारात सर्वांना गाठणे अशक्य. म्हणून गेली काही वर्षे आम्ही दरमहा एक परिपत्रक संगणकावर तयार करून मोबाइलवर धाडीत असू. अक्षर सुबक, समास मोजून सोडलेला, मथळा ठसठशीत. त्या पत्राचा आम्हांला थोडा अभिमानही होता. मुरबाडकडच्या एका अंध तरुणाने तो उतरवला. "फादर, तुमच्या पत्रात मराठीचा एक शब्द नाही," तो म्हणाला, "नुसता एबीसीडीचा पाचोळा!" आणि त्याने मोबाइल आमच्या कानाशी धरला. खरोखरच यंत्रातला तो आवाज इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ ओढीत होता.

आम्ही कृतिदेव हा जुना टंक वापरीत होतो. त्यात 'राम' हा शब्द पडद्यावर राम असाच दिसतो. पण संगणकाच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. वर देवनागरीचा मुखवटा. डोळस माणूस मुखवटा वाचतो. पडदा वाचून दाखवणारी प्रणाली मुखवट्यामागचे वाचते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. तरीही हात बसला म्हणून आम्ही जुन्यालाच चिकटून होतो. फोटो काढून फिरवलेल्या सूचनेची गत तर याहून वाईट. तीत यंत्राला अक्षरेच सापडत नाहीत, सापडते ते एक चित्र. चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय आता आली आहे, परंतु पुसट छपाईपुढे आणि जोडाक्षरांपुढे ती अजूनही अडखळते.

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास मनाई केलेली आहे. तेथे धोंडा ठेवणाऱ्याला आपण काय ठेवतो आहोत हे ठाऊक असते. आम्हांला ते ठाऊक नव्हते. मग आमच्याकडे दोष येतो काय?

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना अज्ञानाचे दोन प्रकार आम्ही घोकले होते. कितीही प्रयत्न केला तरी दूर होऊ न शकणारे अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते, पण हयगयीने राहून गेले, ते करीत नाही. परीक्षेत हे उत्तर आम्ही चोख लिहिले होते. आता स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र मन पहिल्या प्रकाराकडे धावू लागले: आम्ही काही संगणकतज्ज्ञ नव्हे, टंकाच्या पोटात काय असते हे आम्हांला कसे कळावे? हे समर्थन फार वेळ टिकले नाही. तो तरुण कित्येक वर्षे आमच्या ओळखीचा. "तू आमचे पत्र कसे वाचतोस?" एवढे त्याला विचारण्यासाठी संगणकाच्या ज्ञानाची गरज नव्हती.

आमच्या एका ज्येष्ठ धर्मबंधूंनी वेगळीच शंका काढली. खेडेगावात आंधळ्याला वाचून दाखवणारे कोणी ना कोणी असतेच. त्यात माया आहे, शेजार आहे. ते काढून यंत्राच्या हाती का द्यावे? ही शंका आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. आम्ही ती त्या तरुणापुढे ठेवली. तो हसला. म्हणाला, "वहिनी वाचून दाखवते की! जीव आहे तिचा. पण माझ्या खात्यात किती पैसे आहेत, हे तिला माझ्याआधी कळतं."

मायेचे ऋण घेणे वेगळे आणि ते घेतल्यावाचून गत्यंतर नसणे वेगळे. आमच्या भागात तर ह्या फरकाला जमिनीची किंमत आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याआधीची कित्येक वर्षे ह्या गावांतून नोटिसा, सातबारे, मोबदल्याचे कागद फिरत होते. आणि सातबारा वाचून दाखवणाऱ्याचाच पुष्कळदा त्या जमिनीत हिस्सा असतो. 'इतर हक्क' ह्या रकान्यातील बोजा त्याने सांगितला नाही, तर ऐकणाऱ्याने तो कोठून ओळखावा? सगळेच भाऊबंद फसवतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो स्वतः पडताळून पाहू शकत नाही, त्याला विश्वास ठेवण्याचेही स्वातंत्र्य नसते. तो केवळ विसंबून असतो.

म्हणूनच हा प्रश्न दयेचा नसून देण्याचा आहे, असे आमचे मत झाले आहे. दया मर्जीची असते. देणे चुकते करावे लागते. कायद्यानेही तीच भाषा स्वीकारली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४२ ने श्राव्य, छापील व इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष निव्वळ शिफारसवजा राहू शकत नाहीत असे ठरवले, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार जगण्याच्या हक्कात गणला. आमच्या परिपत्रकाला अर्थात कोणी न्यायालयात खेचणार नाही.

इतिहासही जरा खजील करणारा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलंतँ हॉयने अंधांसाठी उठावाची पुस्तके काढली, ती नेहमीच्याच रोमन अक्षरांत. डोळसांना ती सुंदर दिसत. बोटांना ती जड जात. सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली ती लुई ब्रेलने, जो स्वतः अंध होता. संगणकाचा पडदा वाचणारी एनव्हीडीए ही मोफत प्रणालीही २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने सुरू केली आणि दुसऱ्या अंध सोबत्याने ती वाढवली. अवघड काम त्यांनी केव्हाच करून ठेवले आहे. आम्हांला फक्त टंक बदलायचा होता, मथळ्याला मथळा म्हणून खूण करायची होती आणि फोटोखाली त्यात कोण आहे ते दोन ओळींत लिहायचे होते.

तीन संध्याकाळी त्यात गेल्या. जुनी पत्रे अजून तशीच पडून आहेत. नवे पत्र गेले त्याच रात्री त्या तरुणाचा फोन आला. आम्हांला वाटले, आभार मानील.

"फादर, तुम्ही रविवार लिहिलाय," तो म्हणाला, "त्या तारखेला शनिवार येतो."