मर्यादा आणि मुदत

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास जी दक्षिणा वाटली जाई तिचा संबंध आजच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीशी जोडला तर पुष्कळांस ती ओढाताण वाटेल. परंतु तळेगावच्या दाभाड्यांपासून पेशव्यांकडे आलेला, शास्त्री-पंडितांस त्यांच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन आणि इतर ब्राह्मणांस पर्वतीजवळच्या रमण्यात सरसकट वाटला जाणारा तो पैसा राज्य गेल्यावर नाहीसा झाला नाही, तर त्यातूनच एल्फिन्स्टनच्या धोरणास अनुसरून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली, त्यातला काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा म्हणून १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज गुदरला व त्यावरून सनातनी मंडळी खवळली, आणि पुढे त्यातूनच निर्माण झालेल्या दक्षिणा फेलोशिपचा लाभ ज्यांना मिळाला त्यांत महादेव गोविंद रानडे होते. द्रव्य तेच राहिले, नियम बदलत गेले. आणि नियम बदलला की विद्वान कोणी व्हावे हेही बदलत गेले.

त्या दक्षिणेचे समर्थन आज कोणी करणार नाही, मीही करीत नाही. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या विद्येवर खर्च होतो ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ज्या तळमळीने मांडली, तिला पेशवाईही अपवाद नव्हती. तथापि त्या अन्यायी व्यवस्थेत एक गुण होता, आणि आजच्या न्यायी व्यवस्थेत नेमका त्याचाच अभाव आहे: तिला तिथी होती. श्रावण आला की दक्षिणा मिळणार, हे काशीहून निघालेल्या शास्त्र्यालाही ठाऊक असे व त्या हिशेबाने त्याला प्रवासास निघता येई.

महाराष्ट्र शासनाने उच्च शिक्षणाच्या साहाय्याचे नियम गेल्या सहा-सात दशकांत अनेकदा बदलले, आणि ते बहुतांशी उदारतेच्या दिशेने बदलले, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना जी शुल्कमाफी मिळू लागली, आणि जी 'ईबीसी सवलत' या नावाने खेड्यापाड्यांतील दोन पिढ्यांच्या तोंडी बसली, तिने शेतकऱ्याचा मुलगा प्रथमच मोठ्या संख्येने महाविद्यालयात आणला. त्याच परंपरेतील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची उत्पन्नमर्यादा अलीकडे आठ लाखांपर्यंत नेण्यात आली. आणि जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पन्नास टक्के सवलत होती, त्यांना ती शंभर टक्के झाली. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच हा लाभ मिळतो, खाजगी व अभिमत विद्यापीठे त्याबाहेर राहतात, या अटी आहेतच; पण अभियांत्रिकीच्या वर्गात मुलगी बसविण्यासाठी जमीन गहाण टाकण्याचा विचार करणाऱ्या बापाला या निर्णयाचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु या सर्व चर्चेत विधिमंडळापासून वर्तमानपत्रांच्या स्तंभांपर्यंत जो एकच प्रश्न घोळत राहतो तो मर्यादेचा: किती लाखांपर्यंत, कोणत्या प्रवर्गाला, किती टक्के. मुदतीचा प्रश्न कारकुनी समजला जातो. माझे म्हणणे असे की, गरीब विद्यार्थ्याच्या आयुष्यात निर्णायक असतो तो हा दुसरा प्रश्न; आणि मंजूर झालेली रक्कम ज्या दिवशी हाती पडते तो दिवस नियमाने बांधला जात नाही तोवर मर्यादा कितीही वाढविली तरी अर्धे साहाय्य कागदावरच राहते.

भीमराव आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने कोणी पाहत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला होता. दात्याचे औदार्य निःसंशय मोठे होते. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना १९१७ साली परत यावे लागले, आणि सिडनॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. मधली तीन वर्षे गेली ती बुद्धी किंवा पात्रता कमी पडली म्हणून नव्हे. आंबेडकर होते म्हणून ते परत गेले. सामान्य विद्यार्थ्याच्या बाबतीत अशी तीन वर्षे म्हणजे शिक्षणाची अखेरच असते.

आता आजच्या अर्जाचा प्रवास जवळून पाहू. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात बसते. तिच्या पिशवीत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि शुल्काची पावती असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे आडनाव आधी आहे, आधार कार्डावर शेवटी. बापाचे नाव एका कागदावर 'ज्ञानेश्वर' तर दुसऱ्यावर 'ज्ञानदेव' पडले आहे. महाडीबीटी संकेतस्थळ संध्याकाळी सुरळीत चालते म्हणून ती शेवटची बस सोडून थांबते. अर्ज जातो तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, तेथून विभागाच्या अधिकाऱ्याकडे. मध्येच त्रुटी निघून तो परत येतो, आणि त्रुटी निघाल्याचा संदेश ज्या मोबाईलवर येतो तो बापाचा असून बाप उसाच्या तोडीला गेलेला असतो. मंजुरी आल्यावरही काम संपत नाही. पडद्यावर 'रिडीम' असे लिहिलेली एक कळ दाबल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि ती दाबायची असते हे कळेपर्यंत काहींची परीक्षा होऊन जाते. आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहणारे एक वृद्ध लिपिक या दिवसांत मुलांची नावे वर्गशिक्षकांपेक्षा अधिक जाणत. 'तुझं अजून डेस्कलाच अडकलंय' हे त्यांचे वाक्य ऐकून मुले ज्या मुद्रेने परत फिरत ती पाहिली की कल्याणकारी राज्याविषयीचे व्याख्यान द्यायला वर्गात जाणे मला जड होई.

हे संकेतस्थळ निष्कारण निर्माण झाले असे मात्र नाही. बनावट विद्यार्थ्यांच्या नावाने काही संस्थाचालकांनी शिष्यवृत्तीची रक्कम उचलल्याची प्रकरणे या राज्यात उघडकीस आली, त्यांच्या चौकशा झाल्या, आणि पैसा मधल्या हातांतून न जाता थेट खात्यात जावा हा विचार त्यातून बळावला. विचार योग्यच होता. पण चोर पकडण्याच्या उद्देशाने रचलेल्या व्यवस्थेत प्रत्येक अर्जदार संशयित ठरतो, आणि आपण संशयित नाही हे सिद्ध करण्याचा खर्च, म्हणजे बसभाडे, केंद्रचालकाचे पैसे आणि बुडालेली मजुरी, ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्यालाच सोसावा लागतो.

या थेट हस्तांतरणाचे एक विचित्र फलित अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले. १९४४ पासून चालत आलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्राने व राज्यांनी साठ-चाळीस या प्रमाणात वाटून घ्यावा असे डिसेंबर २०२० मध्ये ठरले, पाच वर्षांसाठी एकूण सुमारे ५९ हजार कोटींची तरतूद झाली, आणि केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होऊ लागला. त्या रकमेत महाविद्यालयाचे शुल्कही असते. म्हणजे महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर ज्या घराच्या खात्यात एकदम मोठी रक्कम येते, त्या घराने दवाखान्याची उधारी व किराणा दुकानदाराची बाकी विसरून ती मुकाट्याने महाविद्यालयात नेऊन भरावी, अशी सरकारची अपेक्षा. आणि मुलाने ती भरली नाही तर कागदपत्रे अडकवून ठेवणारी संस्था पुढे उभीच.

संस्थांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळाने १९८३ साली विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली तेव्हापासून राज्यातील व्यावसायिक शिक्षणाचा मोठा भाग शुल्कावर जगतो. कॅपिटेशन फी बंद करण्यासाठी १९८७ चा कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाचे टी. एम. ए. पै प्रकरणापासून इनामदार प्रकरणापर्यंतचे निकाल आले, २०१५ च्या अधिनियमाने शुल्क नियामक प्राधिकरण बसविले. आणि आता संस्थेने दाखविलेला खर्च तपासून हे प्राधिकरण जे शुल्क ठरविते, ते सवलतीच्या विद्यार्थ्यांपुरते सरकार प्रतिपूर्ती म्हणून भरते. ही प्रतिपूर्ती थकली की संस्था प्राध्यापकांचे पगार थकविते, आणि प्रवेशाच्या वेळी सवलतीच्या विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क मागू नये अशी परिपत्रके हाती असूनही ते मागते. ऐपत असलेला भरतो व पुढे परत मिळण्याची वाट पाहतो. ऐपत नसलेला पतसंस्थेत आईच्या कानातले ठेवतो. अर्थ असा झाला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला नागरिक, ज्याचे कर्जरोखे बाजारात हातोहात खपतात त्या महाराष्ट्र शासनाला, वर्षभर बिनव्याजी कर्ज पुरवितो.

शुल्काखेरीज जगण्याचा खर्च असतो, त्याविषयी थोडक्यात सांगतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. पुण्यात खाटेचे भाडे व खानावळ यांचा हिशेब ज्याने केला आहे त्याला ही रक्कम अपुरी वाटेल, पण निरुपयोगी वाटणार नाही. वर्ष संपल्यावर मिळाली तर मात्र तिचा उपयोग खोलीमालकाचे देणे फेडण्यापुरता. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात मुलांच्या हाती कुदळ देऊन 'कमवा आणि शिका' ही पद्धत रुजविली, तिच्यामागे स्वावलंबनाचे तत्त्वज्ञान होतेच, पण संध्याकाळच्या भाकरीला उद्याचा वायदा चालत नाही ही व्यवहारदृष्टीही होती.

याहून गंभीर विसंगती नव्या नियमांमुळे उद्भवली आहे, आणि तिची वाच्यता फारशी झालेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्याने मध्येच शिक्षण थांबवावे, नोकरी धरावी, पुन्हा यावे, याला आता उत्तेजन आहे. त्याने मिळविलेली श्रेयांके श्रेयांक-पेढीत सात वर्षांपर्यंत जिवंत राहतात. पण शुल्क शिष्यवृत्तीची अट अशी की अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडता कामा नये. विद्यापीठ म्हणते, सवडीने ये. खजिना म्हणतो, उशीर झाला. ज्याला घरच्या अडचणीमुळे थांबावे लागते त्याच्यासाठीच हे लवचिक दार ठेवले असे सांगितले जाते, आणि त्याच विद्यार्थ्याचे साहाय्य त्या दारातून परत आत येताना काढून घेतले जाते. एकाच सरकारच्या दोन विभागांनी एकमेकांची परिपत्रके वाचली असती तर हे टळले असते.

उपाय अवघड नाही, गैरसोयीचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. उत्पन्नाचा दाखला ठरावीक दिवसांत मिळाला नाही तर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेच तत्त्व दाखल्यापाशी न थांबता पैशापर्यंत न्यावे: पहिला हप्ता प्रवेशानंतर साठ दिवसांत, दुसरा दुसऱ्या सत्राच्या आरंभी, मुदत टळली तर त्या दिवसापासून रकमेवर व्याज, आणि ते व्याज विद्यार्थ्याच्या खात्यात. ज्याचा दाखला गेल्या वर्षी तपासला गेला त्याच्याकडे तो पुन्हा मागू नये. खंडाची अट श्रेयांकांच्या मुदतीशी जुळवून घ्यावी.

वित्त विभाग या तजविजीस हरकत घेईल, आणि व्याजाचा बोजा किती पडेल याचे कोष्टक पुढे करील. ते कोष्टक जरूर करावे. मात्र त्यात आज पतसंस्था, सावकार आणि खोलीमालक विद्यार्थ्यांच्या घरांकडून जे व्याज वसूल करीत आहेत त्याचाही एक रकाना ठेवावा, आणि मग दोन्हींची बेरीज अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर मांडावी.