चिकटून नाही, धरून

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २५

या श्लोकाचा भावार्थ असा, की अज्ञानी माणूस कर्मात आसक्त होऊन जितक्या जोराने काम करतो, तितक्याच जोराने ज्ञानी माणसानेही करावं. फक्त आसक्ती नको, आणि इच्छा असावी ती लोकसंग्रहाची.

यातले दोन शब्द मला दोन-तीन दिवस सोडत नाहीयेत. 'आसक्त' हा शब्द सञ्ज् धातूवरून आला, त्याचा अर्थ चिकटणं. 'संग्रह' म्हणजे सम् अधिक ग्रह्, एकत्र धरणं. मराठीत संग्रह म्हटलं की आपल्याला नाणी नाहीतर पोस्टाची तिकिटं आठवतात. पण लोकसंग्रह म्हणजे माणसं गोळा करणं नव्हे. माणसं विस्कटू न देणं, धरून ठेवणं. म्हणजे भगवंत एकाच श्लोकात सांगतात की चिकटू नकोस, आणि धरूनही ठेव. हे दोन्ही एका वेळी कसं जमायचं?

मला याचं उत्तर थोडंफार कळलं ते एका खेळण्यातून. हसू नका, सांगतो.

माझी आत्या निगडीला राहायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिचं कपाट आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात आतेभावाचा लहानपणचा जी. आय. जो निघाला. नव्वदच्या दशकातल्या मुलांना हे पावणेचार इंची सैनिक आठवतील. एमआरएफ आणि अमेरिकेतल्या हॅस्ब्रो या दोन कंपन्यांनी मिळून १९८७ साली फनस्कूल सुरू केली आणि हे सैनिक आपल्याकडे मिळायला लागले. आमच्या डब्यातला सैनिक कमरेत दोन तुकडे झालेला होता. आतेभाऊ म्हणाला, "टाकून दे रे, काय करायचंय त्याचं?" मी तो घरी आणला.

या सैनिकाच्या पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढला की छाती आणि पाठ वेगळी होते, आणि मग कळतं की आत काहीच चिकटवलेलं नाही. दोन्ही पाय एका धातूच्या हुकात असतात. त्या हुकाला एक काळी रबरी ओ-रिंग अडकवलेली असते, ती कमरेच्या तुकड्यातून वर येऊन छातीत अडकते. ती ताणलेली असते म्हणून वरचं आणि खालचं धड जवळ राहतं. सैनिक कमरेत वळतो, बसतो, पाय पुढे टाकतो, ते सगळं तिच्या जोरावर. बाहेरून ती दिसत नाही.

ओ-रिंग म्हणजे आपल्या पट्ट्यातली रोजची वस्तू. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रत्येक हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये ती असते. पण तिथे ती दाबलेली असते, तेल गळू नये म्हणून. या खेळण्यात ती सतत ताणलेली. खेळणं डब्यात पडून असलं, कुणी हात लावत नसलं, तरी ताण चालूच. तीस वर्षांनी ती तुटली यात कारखान्याचा दोष नाही. रबराचं वय झालं. बाकी हात, पाय, डोकं सगळं शाबूत होतं.

आता अशा वेळी पहिला विचार फेविक्विकचा येतो. दोन थेंब टाकले की सैनिक एकसंध. पण मग तो वळणार नाही, बसणार नाही. आणि कुणी जोर करून वळवला तर दुसरीकडेच कुठेतरी मोडेल. हे चिकटणं. रिंगसुद्धा दोन तुकडे एकत्रच ठेवते, पण हलू देऊन ठेवते. हे धरणं. श्लोकातल्या दोन शब्दांमधला फरक माझ्यासाठी तरी इथे उलगडला.

आत्या असताना भाऊबीजेला सगळे निगडीला जमायचे. आता एक आतेभाऊ चाकणला शिफ्टमध्ये, दुसरा हिंजवडीत, बहीण नाशिकला. दोन वर्षांत तिघं एकत्र बसलेले नाहीत. भांडण नाही, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. भाग सगळे शाबूत आहेत, मधली रिंग नाही. आत्या कुणाला "आलंच पाहिजे" असं म्हणायची नाही. फोन करायची, आणि जो येऊ शकला नाही त्याच्या फराळाचा डबा टोमणा न मारता बाजूला ठेवायची. ती स्वतः किती ताणली जात होती, हे आम्हाला कुणाला दिसलं नाही.

नवी रिंग घेताना दुकानदाराने विचारलं, कशातली देऊ? दिसायला सगळ्या काळ्या आणि गोल. पण नायट्राइल रबर तेलाला टिकतं, आणि ताणून हवेत ठेवलं की ओझोनने त्याला तडे जातात. ईपीडीएम ओझोनला दाद देत नाही. काम तेच, ताण तोच, आतला माल वेगळा. ज्ञानी आणि अज्ञानी यांचं कर्म बाहेरून सारखंच दिसतं, असं श्लोक सांगतो तेही हेच ना? 'मी एवढं करतो, मग लोकांनी यायलाच हवं' ही अपेक्षा आत असली की ताणाखाली तडे जाणार. माऊलींनी याच श्लोकाच्या आसपास डोळस माणूस आंधळ्याच्या सोबतीने चालतो असा दृष्टांत दिलाय. तो त्याला ओढत नाही, सोडूनही जात नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो. प्लॅस्टिकमधला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. टक् करून तो जुन्या आट्यात बसतो, मग हलक्या हाताने आवळायचा. सरळ जोर लावला तर नवा आटा पाडतो आणि प्लॅस्टिक खातो. माणसांतही आधी थोडं मागे जाऊन जुना आटा शोधावा लागतो.

सैनिक आता उभा राहतो. त्याचा एक अंगठा तुटलेला आहे, तो तसाच राहील. सगळंच काही जोडता येत नाही.

आजचा अभ्यास : आपल्या घरात किंवा टीममध्ये ताणलेली, न दिसणारी रिंग कोण आहे, ते ओळखा आणि आज तिचा थोडा ताण आपल्याकडे घ्या. ती जागा रिकामी असेल तर एक फोन करा. मी या भाऊबीजेचा करणार आहे. कुणी येईल, कुणी येणार नाही. जो येणार नाही त्याचा डबा मला मनात अढी न धरता भरता आला, तर हा श्लोक मला चार आणे कळला असं समजेन.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥