शेऱ्याचा रकाना

माझी भाची हस्तलिखितांच्या एका प्रकल्पात काम करते. पोथी सोडायची, पानं मोजायची, लिपी कोणती, एका पानावर ओळी किती, शेवटी पुष्पिका, म्हणजे पोथी कधी लिहिली याची नोंद, आहे का हे बघायचं आणि सगळं संगणकातल्या फॉर्ममध्ये भरायचं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली आहे, वाचन दांडगं आहे. आता एका सॉफ्टवेअर कंपनीकडून तिला बोलावणं आलंय, दुपटीहून जास्त पगारावर. रविवारी जेवणं उरकल्यावर तिने विचारलं, "मामा, माझ्या जागी तू काय केलं असतंस?" मी सल्ला देत नाही, वाद घालतो. तो वाद असा झाला. (काटछाट केली आहे, बहुतेक माझ्याच बोलण्याची.)

भाची : पगाराचं नाही रे. म्हणजे आहेच, पण तेवढंच नाही. मी दिवसभर नुसती लावालाव करते. या पोथ्यांतून काही शोध लागलाच तर तो दुसऱ्या कुणाचा असणार. डोकं त्यांनी चालवायचं, मी रचून ठेवायचं.

मी : रचायला डोकं लागत नाही?

भाची : लागतं की. पण ते कुणी मोजत नाही. लेखावर नाव संशोधकाचं. सूची करणाऱ्याचं तळटीपेत आलं तर आलं.

मी : मग सुकथनकरांना कुठे बसवशील?

भाची : पुण्याच्या भांडारकर संस्थेतले? ते महाभारताचे संपादक होते, मामा. माझ्या रांगेत कशाला आणतोस त्यांना?

मी : आणतो, कारण त्यांनी काय उभं केलं ते बघ. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे सगळ्या प्रती ताडून पाठ ठरवायच्या कामाचा, आरंभ १९१९ साली झाला, खुद्द रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले होते. सुकथनकर आले १९२५ साली. केंब्रिजला गणित शिकलेला माणूस, पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट केलेली. आल्यावर त्यांनी आधी कामाची घडी नव्याने बसवली. एकेका श्लोकासाठी आखलेला कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एकेक अक्षर एकेका चौकटीत. खाली प्रत्येक प्रतीसाठी एक ओळ. पाठ जुळला तर चौकट कोरी ठेवायची, वेगळा असेल तर तेवढंच अक्षर लिहायचं. नुसत्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ प्रती माहीत होत्या, त्यांतल्या साठ शेवटी वापरल्या.

भाची : आणि चौकटी भरल्या कुणी? सुकथनकरांनी?

मी : नाही. पंडितांनी. पुण्यात, शांतिनिकेतनात, तंजावरच्या सरस्वती महालात.

भाची : त्यांतल्या एकाचं नाव सांग.

(मला सांगता आलं नाही. मी पाणी प्यायलो.)

मी : बरं, पण त्या चौकटींतून निघालं काय ते बघ. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. काश्मीरकडच्या प्रतींत ती नाही, इतरही कित्येक प्रतींत नाही. १९३३ साली आदिपर्व छापून आलं तेव्हा गणपती परिशिष्टात गेला होता. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवायचं! हे धाडस एकट्याच्या बुद्धीने झालं नसतं. पाठीशी ते कागद होते म्हणून झालं.

भाची : हे वरिष्ठांचं बोलणं आहे, मामा. 'तुमच्यावाचून हे झालंच नसतं.' आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा.

तिचा टोला बरोबर होता. आपण उपयोगी आहोत हे दुसऱ्याने सांगितल्याने कामाचं समाधान मिळत नाही. उपयोगी तर दाराची कडीही असते. मी वाट बदलली.

मी : गेल्या महिनाभरात तुला घरी येऊन सांगावंसं वाटलं, असं काही घडलं का कामावर?

भाची : (जरा थांबून) एक पोथी होती. पुष्पिकेत 'शके १६८९, दुर्मुखनाम संवत्सरे'. मला खटकलं. शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रम. १६८९ ला बाकी एकवीस, म्हणजे सर्वजित. दुर्मुख तिसावा. तो येतो १६९८ ला. लिहिणाऱ्याने आठ आणि नऊची अदलाबदल केली होती.

मी : कशावरून? संवत्सरच चुकला असेल.

भाची : आकडा लिहिताना हात घसरतो. 'सर्वजित'च्या जागी 'दुर्मुख' कसा लिहिला जाईल? तरी मी तिथी आणि वार ताडून बघितले. १६९८ ला जुळले, १६८९ ला नाहीत.

मी : मग फॉर्ममध्ये काय भरलंस?

भाची : सालाच्या रकान्यात चार आकडे बसतात. १६९८ घातलं आणि शेऱ्यात कारण लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात शेऱ्याचा रकाना काढून टाकला. म्हणाले, त्यात वेळ जातो, दिवसाच्या पोथ्या वाढवा. आता तिथे नुसतं १६९८ आहे. उद्या कुणी पोथी उघडून बघितली तर म्हणेल, या बाईला साधा आकडा वाचता येत नाही.

हे सांगताना तिचा आवाज चढला होता, आणि मला वाटतं तिचं खरं दुखणं इथे होतं. पगार आणि तळटीप नंतर.

मी : सुकथनकरांच्या त्या कागदावर उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना राखून ठेवलेला होता. शेऱ्यांसाठी. प्रतीत कुठे खाडाखोड आहे, समासात कुणी काय भर घातली आहे, कुठे जादा श्लोक आला आहे, हे तपासणाऱ्याने तिथे लिहायचं. मजकूर लांबला तर वेगळं शोधपत्र जोडायचं.

भाची : चार इंच?

मी : चार इंच. चौकटी भरणारा माणूस बघतो, त्याला शंका येते, हे त्या आखणीत धरलेलं होतं. तुझ्या कामातली बुद्धी कुणी नाकारलेली नाही, तिची जागा तेवढी फॉर्ममधून काढली आहे. लावालाव कमी दर्जाची म्हणून तू कंटाळली नाहीस.

भाची : ठीक. पण आता दुसरी बाजू ऐक. कंपनीत यंत्राला पोथ्या वाचायला शिकवायचं काम आहे. तू म्हणशील, यंत्र १६८९ वाचून पुढे जाईल. नाही जाणार. बारा मिळवून साठाने भागायला त्याला कितीसा वेळ लागतो? माझ्यासारखी शंका ते एका दुपारी दहा हजार पोथ्यांवर घेईल. मग शेऱ्याचा रकाना तिकडेच आहे असं का म्हणू नये? मी इथे शंका घेत बसण्यापेक्षा तिथे शंकेची रीत घालून देईन. सुकथनकरांनी तरी दुसरं काय केलं?

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हणालो की ती रीत सुचायला आधी बऱ्याच पोथ्या हाताखालून जाव्या लागतात. ती म्हणाली, गेल्या आहेत. ते खरं आहे.

मी : मग जा. पण एक विचारून घे. यंत्र चुकलं असं तुला वाटलं तर ते नोंदवायची सोय आहे का? की तिथेही दिवसाचा आकडाच मोजतात?

भाची : आणि सुकथनकर समाधानी होते का? हे तू टाळतोयस.

मी : आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळहून एका फार जुन्या प्रतीचे पाठभेद त्यांच्या हाती आले. निर्णय घेताना ही प्रत त्यांच्यापुढे नव्हती. तिने त्यांचे पाठ बऱ्याच ठिकाणी उचलून धरले. ते वाचताना या माणसाला काय वाटलं असेल याचा मला हेवा वाटतो. बाकी त्यांच्या हातून पर्वं दोनच पुरी झाली, आदि आणि आरण्यक. महाभारताचा अर्थ काय, यावर ते मुंबई विद्यापीठात बोलायला उभे राहिले ते जानेवारी १९४३ मध्ये. चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. चौथं २१ तारखेला होतं, त्याच सकाळी ते गेले.

भाची : अठरा वर्षं अक्षरं जुळवली आणि अर्थ सांगायला तीन संध्याकाळी. मला हे भयंकर वाटतं.

मी : मला वाटत नाही. अर्थ त्या अठरा वर्षांत रोज थोडाथोडा कळत होता, म्हणून तर बोलता आलं. आणि काम अडलं नाही. त्यांच्या जागी बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य आले. १९६६ साली शेवटचं पर्व संपलं. कागद, चौकटी, शेऱ्याचा रकाना लावलेले होते, म्हणून एक माणूस गेल्यावर दुसऱ्याला पुढच्या श्लोकापासून बसता आलं. संस्थेचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

भाची : संस्थेचं म्हणतोस. माणसाचं?

मी : तेवढं तुला ठरवायचंय.

सोमवारी तिने दोन पत्रं लिहिली. कंपनीला विचारलं, यंत्राच्या चुका कोण तपासतं आणि त्यांची नोंद कुठे होते. आपल्या वरिष्ठांना मागितला शेऱ्याचा रकाना, सोबत त्या पुष्पिकेचं छायाचित्र आणि संवत्सराचं गणित जोडून. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सविस्तर. वरिष्ठांकडून अजून काही आलेलं नाही. महिनाअखेर तिला कळवायचं आहे, आणि ती गेली तर त्यात तिची चूक आहे असं मी म्हणणार नाही.