दूर उभी राहिलेली बहीण



निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात फारोच्या हुकमामुळे एक आई आपले तीन महिन्यांचे बाळ पेटाऱ्यात घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवते. बाळाची बहीण मात्र दूर उभी राहून त्याचे पुढे काय होते ते पाहत राहते. फारोची कन्या बाळाला उचलून घेते, तेव्हा हीच बहीण पुढे होते आणि त्याला दूध पाजण्यासाठी त्याच्याच आईला बोलावून आणते. मोशे राजवाड्यात वाढला, तरी आपण कोणाचे हे तो विसरला नाही. पुढे देवाने त्याचा भाऊ अहरोन याला रानात त्याच्या भेटीस पाठवले. इस्राएलच्या सुटकेची वाट अशी भावंडांच्या भेटीतून गेली.

आज हे सांगण्यास कारण आहे. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. अशा हातावर पोट असलेल्या घरात आई देवाघरी गेली किंवा बाप निघून गेला, की मुले विखुरतात. थोरली आश्रमशाळेत जाते, मधला मामाकडे, धाकटा बालगृहात. प्रत्येकाला ताटात जेवण आणि हातात पाटी मिळते, याबद्दल देवाचे आभारच मानायला हवेत. पण थोरलीला धाकट्याचा पत्ता कोण देणार?

यात कोणाचा दुष्टपणा नसतो. मुलगे आणि मुली यांची बालगृहे वेगळी असतात, सहा वर्षांखालील बालकांची व्यवस्था आणखी वेगळी. व्यवस्था वयाप्रमाणे लागते आणि नाते मागे राहते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की, मुलांच्या हिताला बाधा येत नसेल तर भावंडांची ताटातूट करू नये, आणि करावीच लागली तर त्यांचा संपर्क टिकवावा. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तो मानतो. त्याखालील २०१६ च्या नियमांत नातेवाइकांच्या भेटीची आणि पत्रांची तरतूद आहे.

तत्त्वज्ञ विचारतात, ‘मी कोण?’ लहान मूल या प्रश्नाचे उत्तर आपल्या माणसांच्या तोंडून शिकते. आई कशी हाक मारायची, झोपडीच्या दारात कोणते झाड होते, हे ज्याला आठवते ते एकच माणूस उरलेले असते, ते म्हणजे भावंड. ते हरवले तर मूल वाढते, पण त्याच्या बालपणाला साक्षीदार उरत नाही.

म्हणून आम्ही धर्मग्रामातील सर्वांना विनंती करतो. आपल्या पाड्यावरचे मूल बाहेर ठेवण्याची वेळ आली, तर त्याच्या सर्व भावंडांची नावे, वये आणि ठिकाणे एका कागदावर लिहून मुलासोबत द्या आणि एक प्रत घरी ठेवा. प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे गेले, तर याला भावंडे आहेत हे पहिल्याच दिवशी सांगा. मामा, काका किंवा आजी मुलांना एकत्र सांभाळायला तयार असतील, तर सरकारच्या बाल संगोपन योजनेची चौकशी करा. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ज्यांच्या घरी असे मूल वाढत आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा त्याला भावंडांशी फोनवर बोलू द्यावे. नाताळ, होळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती एका घरी जमतील, एवढे मोठ्यांनी ठरवावे. मात्र एका मुलाला दुसऱ्यापासून भीती किंवा त्रास असेल, तर आधी त्याचे ऐकावे.

प्रभू येशूने आपले पहिले शिष्य गालील सरोवराच्या काठी निवडले. शिमोन आणि त्याचा भाऊ अंद्रिया, याकोब आणि त्याचा भाऊ योहान. घर आणि जाळी त्यांनी सोडली, पण भाऊ भावाबरोबर राहिला. आपल्या पाड्यांवरच्या लेकरांना घर सोडावे लागले, तरी भावंड सुटू नये, यासाठी आपल्यापैकी कोणीतरी दूर उभे राहून पाहत राहिले पाहिजे, आणि वेळ आली की पुढे झाले पाहिजे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू